घरगुती फीटल डॉपलर: सतरा आठवडे वापरल्यानंतर

पोटातल्या बाळाचे ठोके घरच्या घरी ऐकवणारं हे यंत्र घ्यावं का, असं गेल्या सहा महिन्यांत मला चौघींनी विचारलं. चौघींचाही मी फोनवर अर्धा-अर्धा तास खाल्ला. पाचवीचा फोन यायच्या आत एकदाचं लिहून ठेवते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीबद्दल नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मी साउंड एडिटर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास कानाला हेडफोन असतो. मुलाखतीतल्या माणसाच्या मागे पंखा चालू होता की फ्रिज, हे मी डोळे मिटून सांगू शकते आणि त्याचा मला अभिमान आहे. निदान होता.

पहिल्या खेपेला अकराव्या आठवड्यात सोनोग्राफी करताना डॉक्टर बोलता बोलता गप्प झाल्या. ठोके नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यामुळे दोन तपासण्यांमधले चार आठवडे मला पेलवेनात. सोळाव्या आठवड्यात ऑनलाइन डॉपलर मागवलं. खोक्यात मुठीत मावेल एवढं यंत्र, वायरने जोडलेला जाड खडूएवढा प्रोब, जेलची लहानशी ट्यूब, दोन पेन्सिल सेल आणि एक पुस्तिका. यंत्रावर छोटा पडदा, त्यात लुकलुकणारं बदामाचं चिन्ह आणि शेजारी आकडा. हेडफोन लावायला भोक. तेवढं बघून मी खूश.

वस्तू म्हणून बोलायचं तर तक्रारीला जागा कमी. सेल सतरा आठवड्यांत एकदाच बदलले. अंगचा स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, पण हेडफोन लावला की आवाज स्वच्छ. खरखर आहे, ती प्रोब नीट टेकवला की जाते. जेल कंजूषपणे लावलं तर नुसतीच खसखस ऐकू येते, सढळ हाताने लावायचं. पुसायला जुना मऊ पंचा उत्तम, टिश्यूचे तुकडे पोटाला चिकटून बसतात. पहिल्या दिवशी ठोके सापडायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात अकरावा आठवडा पुन्हा जगून आले. मग नाभीच्या खाली, जरा डावीकडे, एकदम घोडा दौडत आला. टपटप टपटप. पडद्यावर १५२. मी रडले. नवरा म्हणाला, ‘अगं, हलू नकोस, जाईल तो.’

आता हे यंत्र करतं काय ते सांगते, कारण पुस्तिकेत ते धड सांगितलेलं नाही. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप शरीरात झालेला आवाज आपल्या कानापर्यंत आणतो. डॉपलर तसं करत नाही. प्रोबमधून सेकंदाला वीस-तीस लाख कंपनांच्या लहरी पोटात जातात. आपल्याला त्या ऐकू येत नाहीत. हलणाऱ्या कशावरही आपटून त्या परतल्या की त्यांची कंपनसंख्या किंचित बदललेली असते, आणि हा फरक यंत्र आवाज करून ऐकवतं. म्हणजे ऐकू येते ती हालचाल. बाळाच्या हृदयाची असेल, नाळेतल्या रक्ताची असेल, नाहीतर आईच्या धमनीतली असेल. यंत्राला त्याच्याशी देणंघेणं नाही. जे काही ठेक्यात हलतंय ते मोजायचं आणि आकडा दाखवायचा.

ही गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली होती, आणि फार आवडली होती. हृदयाचा आवाज टापांसारखा. नाळेचा आवाज त्याच लयीत, पण वाऱ्यासारखा, सूं-सूं. आणि जांघेच्या वर प्रोब नेला की माझ्या स्वतःच्या धमन्या: संथ, भरदार, धप्प... धप्प. माझे ८०, बाळाचे १४५. गोंधळायचं कारणच काय? मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला लागले. फाइलचं नाव ‘बाळ’ आणि पुढे वेळ. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग रोज तीनदा. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘अगं, त्याला सारखं उठवून हजेरी काय घेतेस?’ मला राग आला होता. शेवटी एकसष्ट फाइली झाल्या.

तिसाव्या आठवड्यात रक्तदाब १४६/९४ निघाला. गोळी सुरू झाली, दर आठवड्याला बोलावणं आलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, ‘रक्त दिसलं, पोट किंवा कंबर सतत दुखायला लागली, हालचाल कमी वाटली, तर फोन करत बसायचं नाही. सरळ यायचं.’ मी मान डोलावली. मनात आलं, माझ्याकडे यंत्र आहे.

३३ आठवडे ४ दिवस. संध्याकाळपासून कंबर धरली होती, पण कंबर महिनाभर धरतच होती. रात्री एकच्या सुमाराला या कुशीवरून त्या कुशीवर होईना. पाठीत खाली कुणीतरी अंगठा रुतवून धरावा तसं दुखत होतं. कमी नाही, जास्त नाही, एकसारखं. दोनच्या पुढे पोट घट्ट झालं. खोट्या कळा मला माहीत होत्या: पोट आवळतं आणि मिनिटभरात सैल पडतं. हे सैल पडलं का? मी बघितलंच नाही. माझा हात तोवर ड्रॉवरमधल्या यंत्राकडे गेला होता.

पहिली फाइल २ वाजून २४ मिनिटांची. लांबी ४१ सेकंद. आकडा १३८. जीव भांड्यात पडला. नवऱ्याला उठवलंही नाही.

दुसरी २ वाजून ५० मिनिटांची. या वेळी शोधावंही लागलं नाही, डावीकडे खाली, जांघेच्या जरा वर, प्रोब टेकवला आणि लगेच आवाज. ठळक, एकसारखा. ११७, ११८, ११८, ११९. जरा कमी वाटला. पण पुस्तिकेत ११० ते १६० दिलेलं होतं. झोपलं असेल, म्हटलं. मी जेल पुसलं, यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पाठीखाली उशी घेऊन पडून राहिले. बाळ शेवटचं कधी हललं, हा प्रश्न मला संपूर्ण रात्रीत एकदाही पडला नाही. जेवणानंतर एरवी लाथांचा कार्यक्रम असतो. त्या रात्री झाला होता का? आजही सांगता येत नाही.

३ वाजून ३५ मिनिटांनी बाथरूमला गेले तेव्हा रक्त दिसलं. खूप नव्हतं. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं, काळपट, पातळ. आता मात्र नवऱ्याला हाक मारली.

हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी कुठलंही यंत्र जवळ ओढलं नाही. ‘ताई, सरळ झोपा,’ म्हणाल्या आणि पोटावर हात ठेवला. नुसता ठेवला. दाबला नाही, फिरवला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पाच-सात सेकंदांनी त्यांनी दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

‘पोट किती वेळ असं आहे?’

‘असं म्हणजे?’

‘लाकडासारखं. मध्ये सैल पडलं का एकदा तरी?’

मी म्हटलं, ‘पण ठोके ऐकलेत मी. ११८ आहेत. आत्ताच ऐकलेत.’

त्यांनी मनगट सोडलं नाही. ‘ही तुमची नाडी १२२ आहे,’ म्हणाल्या आणि दाराकडे तोंड करून जोरात डॉक्टरांना हाक मारली.

पुढचं सगळं भराभर झालं. पट्टे बांधून सीटीजी लावलं, म्हणजे एका पट्ट्याने बाळाचे ठोके, दुसऱ्याने पोटाचं आवळणं, दोन्ही एकाच कागदावर. कळा दर दीड मिनिटाला येत होत्या आणि प्रत्येक कळ ओसरता ओसरता बाळाचे ठोके नव्वदच्या खाली जात होते, वर यायला उशीर करत होते. रक्तदाब १०४/७०. मी म्हटलं, चला, बीपी तरी छान आहे. डॉक्टरांनी केस पेपरवर गोल केला. गेल्या आठवड्यात १४२ असलेल्या बाईचं १०४ होणं छान नसतं, ते रक्त कुठेतरी गेल्याचं लक्षण असतं. सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. हृदय दिसलं, पाणी दिसलं, वार वरच्या भागात, मागच्या भिंतीला दिसली. वार खाली आडवी येऊन होणारा रक्तस्राव हा नव्हता. साकळलेल्या रक्ताची गाठ काही दिसली नाही. मी विचारलं, ‘म्हणजे ठीक आहे ना?’ त्या म्हणाल्या, ‘दिसलं नाही म्हणजे नाही, असं यात नसतं. पोट सांगतंय, कागद सांगतोय. अब्रप्शन आहे, वार सुटतेय. आपण लगेच सीझर करतोय.’

दोन्ही हातांना जाड सुया. रक्ताच्या नळ्या भरल्या. त्यातली एक साधी काचेची नळी सिस्टरांनी आपल्या मुठीत गरम धरून ठेवली आणि मला ढकलत नेताना मध्येच ती तिरकी करून बघितली. रक्त ओघळलं. पुन्हा मूठ बंद. लिफ्टमध्ये पुन्हा तिरकी केली. पुन्हा ओघळलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. सात-आठ मिनिटांत नळीत रक्ताची घट्ट गाठ धरायला हवी होती. ती धरत नव्हती. नंतर आलेल्या रिपोर्टमध्ये फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, १४० होतं. गरोदरपणाच्या शेवटी ते तीनशेच्या वर असतं आणि दोनशेच्या खाली गेलं की डॉक्टर घाबरतात. पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल द्यायला ना वेळ होता, ना रक्ताचा भरवसा, म्हणून पूर्ण भूल. सिस्टरांनी पोटावर हात ठेवल्यापासून बाळ बाहेर यायला २७ मिनिटं लागली.

बाळ १ किलो ९४० ग्रॅमचं. फुप्फुसं पिकवायला आईला जी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं देतात, त्यांच्यामध्ये चोवीस तासांचं अंतर लागतं. आमच्याकडे चोवीस मिनिटं होती. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत. मला दोन पिशव्या रक्त, वर प्लाझ्मा. हे सगळं आता पटकन लिहून होतंय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते. त्या सांध्यात आईची एखादी लहान धमनी फुटते. रक्त साठतं, साठलेलं रक्त वारेला भिंतीवरून सोलत जातं, सोललं की आणखी धमन्या उघड्या पडतात. एकदा सुटलेला भाग परत चिकटत नाही. बाळाच्या दृष्टीने तेवढी वार गेली. माझी जवळजवळ एक तृतीयांश सुटली होती, आणि मागे साकळलेलं रक्त ४०० मिलिलिटरच्या आसपास. बाहेर आलं होतं ते खळग्याएवढं. कारण वार मागच्या भिंतीला, कडा अजून चिकटलेल्या, रक्ताला बाहेर यायला वाटच नाही. दुखणं पोटात न होता पाठीत झालं, तेही त्यामुळेच. साठलेल्या रक्ताने गर्भाशयाचा स्नायू चिडतो आणि आवळून बसतो, म्हणून पोट लाकडासारखं. तो आवळून बसला की उरलेल्या वारेलाही रक्त कमी पोचतं. आणि फाटलेल्या जागेतून रक्त गोठवणारे पदार्थ आईच्या रक्तात जातात, जिथेतिथे बारीक गाठी व्हायला लागतात, गोठायचं सामान तिथेच संपतं. म्हणून ती काचेची नळी.

सोनोग्राफीत का दिसलं नाही, हेही विचारलं. ताजं साकळलेलं रक्त पडद्यावर जवळजवळ वारेसारखंच करडं दिसतं. निम्म्याहून जास्त वेळा ते नजरेतून निसटतं, म्हणून या दुखण्याचं निदान हाताने आणि लक्षणांवरून करायचं असतं. शंभर गरोदरपणांत साधारण एक. वाढलेला रक्तदाब हे मोठं कारण, आधी एकदा झालेलं असणं त्याहून मोठं. धूम्रपान, पोटावर बसलेला मार, गाडीचा अपघात, जुळी, वेळेआधी फुटलेलं पाणी ही बाकीची. गाडीत पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरून घ्यायचा, हेही त्यांनी त्याच पाकिटावर काढून दाखवलं. पाकीट अजून माझ्याकडे आहे. मी काही चुकीचं उचललं का, जास्त चालले का, असं विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘नाही. तुम्ही उशिरा आलात, तेवढंच.’ गोड बोलून त्यांना फिरवता आलं असतं. नाही फिरवलं, ते बरं केलं.

बाळ घरी आल्यावर पाचव्या दिवशी मी ती शेवटची फाइल लॅपटॉपवर उघडली. नवरा म्हणत होता, कशाला. पण आवाजाचा आलेख डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही समजत नाही. मनगटावरचं घड्याळ रात्रभर नाडी नोंदवतं. त्याची नोंद काढली. रात्री एक वाजता ८८. दोन वाजता १०१. अडीचला ११२. २ वाजून ५० मिनिटांनी ११८.

आलेखावर शिखरं मोजली. ११८.

२:५० च्या फाइलमध्ये बाळ नाहीच. ती माझी नाडी आहे. आत रक्त साठत होतं म्हणून माझं हृदय धावायला लागलं होतं, आणि धावता धावता नेमकं त्या ११० ते १६० च्या चौकटीत येऊन पोचलं होतं. यंत्राने इमानदारीने मोजलं आणि बदाम लुकलुकवला. पडद्यावर कुणाचं हृदय ते लिहिलेलं नसतं.

हेडफोन लावून ऐकलं तर टापा नाहीत. धप्प, धप्प, धप्प, फक्त जलद. पंखा आणि फ्रिज ओळखणाऱ्या बाईला ते कळलं नाही. हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. अनुभवी माणसंही फसतात, म्हणून तर ठोके ऐकताना एक हात आईच्या मनगटावर ठेवायची शिस्त आहे, म्हणाल्या. सिस्टरांनी मनगट धरलं होतं ते त्यासाठी. मला वाटलं होतं, धीर देतायत.

आणि २:२४ ची फाइल? तिच्यात टापा आहेत. बाळच आहे ते, १३८, अगदी पुस्तिकेतल्यासारखं. वार तेव्हा सुटायला लागलेली होती, याबद्दल डॉक्टरांना शंका नाही. एक्केचाळीस सेकंद मी दोन कळांच्या मधलं ऐकलं. सीटीजीचा कागद वीस मिनिटं किंवा जास्त चालतो, आणि त्यात नुसता आकडा बघत नाहीत. ठोके क्षणाक्षणाला थोडे वर-खाली होतायत का, बाळ हललं की वाढतायत का, कळ आल्यावर काय करतायत, हे बघतात. जो आकडा मी ऐकला तो खरा होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा पुस्तिका पुन्हा वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात: हे उपकरण निदानासाठी नाही. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात ‘निश्चिंत राहा’.

हे मला एकटीला सुचलेलं शहाणपण नाही. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी अशीच एक हकिगत छापली होती: दिवस भरत आलेली बाई, बाळाची हालचाल कमी झालेली, घरच्या डॉपलरवर ठोके ऐकून ती थांबली, आणि हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. तिने ऐकलं ते बहुधा तिचंच रक्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये लोकांना उघड सांगितलं, हौसेखातर घरी डॉपलर वापरू नका. दोन्ही गोष्टी मी यंत्र मागवलं तेव्हा सहज सापडल्या असत्या. मी खाली पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचत होते. त्यातले बहुतेक विसाव्या आठवड्याच्या आधी लिहिलेले असणार, आनंदाच्या भरात. माझ्या नावाचाही एक तिथे आहे, अठराव्या आठवड्यातला. ‘मनाला शांती मिळते’ असं लिहिलंय. बदलायचा प्रयत्न केला, पण ते पान आता उघडत नाही.

आता खरेदीचं. मी स्वतःला विचारते ते असं: सोळाव्या आठवड्यात ठोके सापडले नाहीत तर काय करणार? डॉक्टरांकडे जाणार. नाही सापडले ते बहुधा प्रोब चुकीच्या जागी म्हणून, पण जाणार, रडत जाणार. ठोके सापडले, आणि पोट दुखतंय किंवा रक्त आहे किंवा बाळ हलत नाही, तर? तरी जायलाच हवं. दोन्ही रस्ते एकाच दाराशी जातात, मग मध्ये यंत्राने काय केलं? माझ्या बाबतीत ७१ मिनिटं केली. २:२४ ते ३:३५.

पोट टेबलासारखं कडक आणि सैल न पडणारं, एकसारखी दुखणारी कंबर, थांबून थांबून नव्हे तर एकामागून एक येणाऱ्या कळा, थोडंसं का होईना रक्त, थंडावलेली हालचाल: यातलं एकही झालं की निघायचं. रक्त किती आलं यावरून आत किती आहे ते कळत नाही, हे चौघींनाही दोन-दोनदा सांगितलं, कारण चौघींनीही ‘पण अगदी थोडंसंच असेल तर?’ असं विचारलं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर जाताना ते आधी सांगायचं, त्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं. आणि वाटेत काही खायचं-प्यायचं नाही, भूल द्यावी लागली तर पंचाईत होते.

एका मैत्रिणीने वाद घातला. म्हणाली, ‘तुझं झालं ते शंभरात एकीचं. बाकी नव्याण्णव जणींना तेवढंच समाधान मिळालं तर बिघडलं कुठे?’ प्रश्न रास्त आहे. पहिलं बाळ गेल्यावर ते चार आठवडे कसे जातात हे मला माहीत आहे, आणि त्या सकाळी १५२ ऐकून झालेला आनंद खोटा नव्हता. तिला मी म्हटलं, तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना सांग, मला भीती वाटते, दोन आठवड्यांनी येऊ का? माझ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मी विचारलं असतं तर त्यांनी बोलावलं असतं. मी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, शहाणी बाई यंत्र घेते.

तारे द्यायचेच तर आवाजाच्या दर्जाला चार, सेलला पाच, खोक्यावरच्या त्या दोन शब्दांना शून्य. सरासरी काढू नका.

फाइलींपैकी साठ मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. कधी तरी पोराला ऐकवीन, आता आठ महिन्यांचा आहे, हेडफोनची वायर चावतो. २:५० च्या फाइलचं नाव अजून ‘बाळ’ असंच आहे. बदलायला गेले की काय लिहावं ते सुचत नाही.

परवा एकीने विचारलं, वापरलेलं असेल तर मला दे, तुला काय करायचंय आता. नाही दिलं. सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेत, व्यवस्थित चालतायत.